एका चौकटीत दोन मोजपट्ट्या

पावसाळ्यात सांगली-कोल्हापूरकडे रोज सकाळी आकड्यांची एक यादी फिरते. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला चोवीस तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, कोयना धरणातला साठा टीएमसीमध्ये, दरवाज्यांतून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत. चार रकाने, चार एककं. कोणीतरी हौसेने हे सगळं स्प्रेडशीटमध्ये भरतो, रकाने निवडून चार्टचं बटण दाबतो आणि हिरमुसतो. विसर्गाची रेषा हजारांच्या घरात वर गेलेली असते आणि उरलेल्या तिघी तळाला चिकटून एकीत एक मिसळलेल्या असतात. मग त्याला कोणी सांगतं, तळाच्या एका रेषेवर उजवं बटण दाब, ‘सेकंडरी ॲक्सिस’ निवड. तो निवडतो. रेषा वर उठते, चौकटीच्या उजव्या कडेला दुसरी मोजपट्टी उमटते आणि चित्र एकदम जाणत्या माणसाने काढल्यासारखं दिसू लागतं.

वेगवेगळ्या जातीची आकडेवारी एकाच आलेखात मांडण्याचा सगळा वाद या एका क्लिकपाशी आहे. तो बहुधा ‘दोन अक्ष चालतील की नाही’ असा घातला जातो. मला ही मांडणी अपुरी वाटते. अक्ष एक की दोन यापेक्षा, त्या दोन मोजपट्ट्यांमधलं नातं कोणी ठरवलं हे बघायला हवं. ते विषयाने ठरवलं असेल तर आलेख काहीतरी सांगतो. सॉफ्टवेअरने ठरवलं असेल तर तो फक्त दिसतो.

ही खोड संगणकाने लावलेली नाही. रेषालेख आणि स्तंभालेख यांचा जनक मानला जाणारा स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर याने १८०१ साली युरोपातल्या देशांची तुलना करणारा एक तक्ता काढला. प्रत्येक देशासाठी एक वर्तुळ, त्याच्या डावीकडे लोकसंख्येची उभी रेघ, उजवीकडे करउत्पन्नाची आणि दोन्हींची टोकं जोडणारी तुटक रेघ. ही तुटक रेघ कोणत्या बाजूला कलते यावरून करांचा बोजा कळेल, अशी त्याची कल्पना होती. पण माणसं आणि पौंड यांना एकाच उंचीवर बसवणारं प्रमाण त्याने स्वतःच निवडलेलं होतं, आणि मध्ये बसलेल्या वर्तुळाचा व्यास देशाच्या क्षेत्रफळावरून आलेला होता. देश मोठा असेल तर चढ आपोआप कमी होणार. पुढे १८२१ साली त्यानेच गव्हाच्या किमतीचे स्तंभ आणि चांगल्या कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेषा एका चौकटीत आणली. काळ १५६५ पासूनचा, आणि वर राजेराण्यांच्या कारकिर्दींची पट्टी. स्तंभ अधिक रेषा, म्हणजे आजच्या भाषेत कॉम्बो चार्टच. इथे दोन्ही आकडे शिलिंगमध्येच आणि एकाच पट्टीवर होते, म्हणून लबाडीला जागा नव्हती. तरीही त्याचा मुद्दा, मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी इतका स्वस्त नव्हता हा, त्या चित्रातून थेट दिसतच नाही. त्यासाठी एक क्वार्टर (धान्याचं तेव्हाचं माप) गव्हाला किती आठवड्यांची मजुरी पडते, हा तिसरा आकडा काढायला हवा होता. दोन रकाने शेजारी ठेवून वाचकाला मनात भागाकार करायला लावायचा, ही सवय तेव्हापासूनची आहे.

संगणकावर १९७९ मध्ये आलेल्या व्हिसिकॅल्कच्या पोटात आलेख नव्हते. १९८३ च्या लोटस १-२-३ ने गणित आणि आलेख एकत्र आणले. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं. दोन जातींची सरमिसळ एक्सेलमध्ये पुष्कळ आधीपासून जमायची, पण आडवळणाने. तळाशी चिकटलेली, डोळ्यांना न दिसणारी रेषा आधी पकडावी लागे. २०१३ च्या आवृत्तीत ‘कॉम्बो’ नावाची वेगळी खिडकी आली. प्रत्येक मालिकेपुढे प्रकार निवडायचा आणि दुय्यम अक्षाच्या चौकोनात खूण करायची. गुगल शीट्समध्ये कॉम्बो चार्ट आहे, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘स्तंभ आणि रेषा’ असा प्रकार आहे. कष्ट गेले, त्यांच्याबरोबर थबकून विचार करण्याची जागाही गेली.

त्याची परिणती कुठवर जाऊ शकते? सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका समितीपुढे ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’ या संस्थेच्या सुनावणीत खासदार जेसन चॅफेट्झ यांनी एक आलेख दाखवला. कर्करोगाच्या तपासण्या २००६ मधल्या सुमारे २० लाखांवरून २०१३ मध्ये ९ लाख ३५ हजारांवर आल्या आणि गर्भपात सुमारे २ लाख ९० हजारांवरून ३ लाख २७ हजारांवर गेले. एक बाण खाली, एक बाण वर, मध्ये दोन्हींची फुली. उजव्या टोकाला ३ लाख २७ हजारांचा बाण ९ लाख ३५ हजारांच्या बाणाच्या वर होता, कारण प्रत्येक बाणाला स्वतःची मोजपट्टी होती आणि दोन्ही पट्ट्या चित्रातून काढून टाकल्या होत्या. आकडे छापलेले होते, ते खोटे नव्हते. खोटी होती ती फुली.

दोन अक्षांच्या आलेखात अशी फुली कुठेही पाडता येते. उजव्या पट्टीची कमाल मर्यादा बदलली की छेदबिंदू डावी-उजवीकडे सरकतो, किमान मर्यादा बदलली की चढ बदलतो. टायलर व्हिगेन याने २०१४ मध्ये याच युक्तीची थट्टा मांडली. अमेरिकेतला माणशी चीजचा खप आणि अंथरुणात गुरफटून झालेले मृत्यू यांच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या त्याने दाखवल्या. जाणकारांपैकी स्टीफन फ्यू यांनी २००८ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहून, दुहेरी पट्टीचा आलेख हाच सर्वांत चांगला उपाय ठरेल असा प्रसंग आपल्याला सुचत नाही, असं म्हटलं. ‘आर’ भाषेतल्या जीजीप्लॉट२ चे कर्ते हॅडली विकहॅम यांनी तर वर्षानुवर्षं ही सोय दिलीच नाही. २०१६ मध्ये दिली ती एका अटीवर. दुसरा अक्ष पहिल्यावरून सूत्राने निघाला पाहिजे, मोकाट नको. मला या सगळ्या वादातली ही अट सर्वांत शहाणी वाटते. एक्सेल अशी अट घालत नाही, म्हणून ती आपणच स्वतःवर घालावी लागते.

ती घालून कोयनेच्या यादीकडे परत पाहिलं की निम्मे प्रश्न सुटतात. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. डावीकडे टीएमसी आणि उजवीकडे टक्के असा आलेख काढला तर दोन अक्ष आहेत, पण गोष्ट एकच आहे. डावी पट्टी ० ते १०५.२५ आणि उजवी ० ते १०० अशी हाताने बांधली की झालं. बांधली नाही तर एक्सेल डावीकडे १२० पर्यंत जाईल, उजवीकडेही १२० टक्क्यांपर्यंत जाईल आणि एकाच साठ्याच्या दोन रेषा उगाच वेगळ्या धावतील. पॅरेटो आलेखात हीच चूक सर्रास होते. तक्रारींचे स्तंभ डाव्या पट्टीवर, संचयी टक्केवारीची रेषा उजव्या पट्टीवर. डाव्या पट्टीची कमाल मर्यादा एकूण तक्रारींइतकी ठेवली तरच १०० टक्क्यांची खूण खऱ्या बेरजेवर पडते आणि रेषा पहिल्या स्तंभाच्या डोक्यावरून सुरू होते.

साठा आणि विसर्ग ही वरवर वेगळी एककं, पण त्यांच्यात गणित आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी जातं, लाख क्युसेक चालला की ८.६४ टीएमसी. शेजारी एक रकाना घालून विसर्ग ‘टीएमसी प्रतिदिन’मध्ये बदलला की दुसऱ्या अक्षाची गरजच राहत नाही. रोजची आवक, जावक आणि साठ्यातला फरक एकाच पट्टीवर येतात आणि धरण भरतंय की रिकामं होतंय याचा हिशेब डोळ्यांना जुळवता येतो. पाऊससुद्धा या पट्टीवर आणता येतो. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९० चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे १०० मिलिमीटर पडला आणि सगळा वाहून आला, तर तीन टीएमसीहून थोडं जास्त पाणी होईल. प्रत्यक्षात येतं त्याहून कमी, आणि तो फरकच तर अभ्यासाचा विषय असतो.

फसवी जोडी वेगळीच आहे. कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते का, हा वाद दर मोठ्या पुरानंतर पेटतो. त्यात डावीकडे सांगलीची पातळी आणि उजवीकडे अलमट्टीची असा आलेख काढायचा मोह होतो. दोन्ही उंचीच, मग अडचण काय? अडचण शून्याची. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. आयर्विन पुलाची ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी ही तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून आहे. पुलाच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची धरून दोन्ही एका पायावर आणल्याशिवाय काढलेला आलेख काढणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. अलमट्टीला दोष देणारा आणि अलमट्टीला निर्दोष ठरवणारा, दोघेही त्याच आकड्यांतून आपापलं चित्र काढू शकतात.

एककं मुळातच न जुळणारी असतील, तर? इथे भूगोलाने एक सुंदर वाट काढली आहे. शाळेच्या पुस्तकातला हवामानाचा आलेख, म्हणजे पावसाचे स्तंभ आणि तापमानाची रेषा, सगळ्यांनी पाहिलेला असतो. मुंबईचं उदाहरण घेतलं तर जुलैचा सरासरी पाऊस सांताक्रूझला नऊशे मिलिमीटरच्या आसपास आणि मासिक सरासरी तापमान वर्षभर साधारण २४ ते ३० अंशांत. तापमानाची पट्टी २० पासून सुरू केली तर रेषेत डोंगर दिसतो, शून्यापासून केली तर मुंबईला ऋतूच नाहीत असं वाटतं. दोन्ही आलेख बरोबरच म्हणायचे. हाइनरिक वॉल्टर आणि हेल्मुट लीथ या जर्मन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातल्या त्यांच्या हवामान-ॲटलासमध्ये ही मोकळीक बंद केली. १० अंशांच्या समोर २० मिलिमीटर, प्रत्येक ठिकाणासाठी, नेहमी. पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली की तो कोरडा काळ. या प्रमाणामागे झाडांना लागणाऱ्या पाण्याचा ठोकताळा आहे, म्हणून तिथला छेदबिंदू अर्थपूर्ण आहे. मुंबईसाठी तो नोव्हेंबर ते मे असा कोरडा पट्टा दाखवतो. पाऊस शंभर मिलिमीटरच्या वर गेला की पट्टी दहापट आवळायची, असाही नियम आहे. स्प्रेडशीटला अशी मध्येच बदलणारी पट्टी येत नाही. त्यासाठी वेगळा रकाना करून शंभरपर्यंतचा आकडा तसाच ठेवायचा आणि वरच्या भागाचा दशांश मिळवायचा. नऊशेचे १८० होतात. मग अक्षावरची नावं हाताने बदलायची. कटकटीचं आहे, पण ज्याला हा आलेख हवा आहे तो ती करतो.

आता प्रकारांकडे. स्तंभ, रेषा, क्षेत्र यांची निवड लोक चवीने करतात, पण आकड्याच्या स्वभावातच तिचं उत्तर असतं. पाऊस एका कालावधीत साचलेला आकडा आहे, म्हणून त्याला स्तंभ शोभतो. साठा आणि पातळी या एका क्षणाच्या अवस्था आहेत, दोन नोंदींच्या मधेही त्या असतातच, म्हणून त्यांना रेषा. दरवाजे सकाळी दोन फुटांवर उघडले आणि संध्याकाळी सहावर नेले तर विसर्ग मधल्या वेळात तिरपा चढत नाही, पायरीने चढतो. पायरीचा प्रकार गुगल शीट्समध्ये आयता आहे. एक्सेलमध्ये नाही, तिथे प्रत्येक नोंद दुहेरी लिहून पायऱ्या पाडाव्या लागतात. आणि कालावधी बदलला की स्तंभांची तुलनाच संपते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तो दिवस मासिक सरासरीच्या स्तंभांशेजारी उभा केला तर जुलैच्या सबंध महिन्याइतका दिसतो. तो तितका होताही, पण एका स्तंभाची रुंदी एक दिवस आणि दुसऱ्याची एकतीस, हे चित्र सांगत नाही.

जलशास्त्रज्ञ पाऊस आणि नदी एकत्र मांडताना एक जुनी, नामी पद्धत वापरतात. पावसाचे स्तंभ वरच्या कडेपासून खाली लोंबकळत काढायचे आणि खाली नदीचा प्रवाह किंवा पातळी रेषेने. मला दोन अक्षांचा हा प्रकार सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. मिलिमीटर आणि फूट यांच्यात इथेही नातं नाही, पण दोघांच्या दिशा उलट असल्यामुळे कोणी उंचीची तुलना करायला जात नाही. वाचला जातो तो फक्त वेळ. नवजाला पाऊस कधी कोसळला, त्यानंतर किती तासांनी पाणी कराडला आणि मग सांगलीला चढलं. ‘किती’ची तुलना अशक्य करून ‘केव्हा’ची सोपी केली आहे. एक्सेलमध्ये हे सहज होतं. पाऊस दुय्यम अक्षावर स्तंभ म्हणून घ्यायचा, त्या अक्षाच्या मांडणीत उलट क्रमाची खूण करायची आणि कमाल मर्यादा सर्वाधिक पावसाच्या तीन पट ठेवायची, म्हणजे स्तंभ वरच्या तिसऱ्या भागातच राहतात.

या पद्धतीची सगळी भिस्त आडव्या अक्षावर आहे, आणि आपल्याकडे खरा घोळ तिथे होतो. यंत्राची मांडणी अमेरिकी असेल तर ०८/०५/२०१९ हा आठ मे न राहता पाच ऑगस्ट होतो आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा यंत्राला कळतच नाहीत म्हणून मजकूर बनतात. आलेखात अर्धा महिना वर्षभर विखुरतो. एक्सेलच्या रेषालेखात तारखांच्या अक्षाचं सर्वांत लहान माप दिवस आहे. दर तासाची पातळी त्यावर मांडली तर चोवीस नोंदी एकाच उभ्या रेघेत कोसळतात. तासांसाठी विकीर्ण आलेख, म्हणजे स्कॅटर, लागतो. तो तारखांना मूळच्या क्रमांकांनी ओळखतो, त्यामुळे अक्षाचं रूप बदललं नाही तर १ ऑगस्ट २०१९ च्या जागी ४३६७८ दिसतं. फुटांचं तर विचारू नका. ‘४० फूट ६ इंच’ हे घाईत ४०.६ असं टंकलं जातं आणि ‘४० फूट ११ इंच’ हे ४०.११. नदी पाच इंच चढलेली असते, आलेखात रेषा उतरते. इंचांना बाराने भागून मिळवायचं, एवढाच उपाय आहे आणि तो रोज सकाळी कोणीतरी विसरतं.

त्यात एक्सेलची स्वतःची एक खोड मिसळते. मालिकेतला फरक सर्वांत मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या भागाहून कमी असेल तर ते उभ्या अक्षावर शून्य सोडून देतं, जास्त झाला की शून्यावर परत येतं. पातळी ३८ ते ४५ फुटांत खेळत असेतो पट्टी वरूनच सुरू होते आणि रेषा चांगली उंच चढताना दिसते. ४६ चा आकडा येताच, म्हणजे नदी धोका पातळी ओलांडत असतानाच, पट्टी शून्यावर जाते आणि रेषा सपाट होते. कालच्या आणि आजच्या चित्रात पूर ओसरल्याचा भास होतो. दोन अक्ष असतील तर दोन्ही असे स्वतंत्रपणे उड्या मारतात. रोजच्या वापराच्या आलेखात कमाल-किमान मर्यादा हाताने ठरवूनच टाकाव्यात, यावर माझ्या मते वाद नाही.

बारीक अडचणी आणखीही आहेत. दोन स्तंभमालिका दोन अक्षांवर ठेवल्या तर दुय्यम अक्षावरचे स्तंभ पुढे येऊन मागच्यांना झाकतात. मध्ये रिकाम्या मालिका घुसवून त्यांना शेजारी ढकलावं लागतं. इशारा पातळीची आडवी रेघ रेषा म्हणून काढली तर ती पहिल्या स्तंभाच्या मध्यावर सुरू होऊन शेवटच्याच्या मध्यावर थांबते. तिला कडेपर्यंत न्यायचं तर तिचीच कलरेषा काढून पुढे-मागे अर्धा कालखंड वाढवायची. नोंद नसलेला दिवस कोणी शून्य लिहिला तर नदी त्या दिवशी आटलेली दिसते. सेल कोराच ठेवायचा. त्रिमितीय आलेख आणि बबल चार्ट कशातच मिसळत नाहीत, तसेच २०१६ च्या आवृत्तीत आलेले वॉटरफॉल, हिस्टोग्राम वगैरेही. लिब्रेऑफिसमध्ये स्तंभांबरोबर स्कॅटर घालता येत नाही.

राहिल्या त्या जोड्या ज्यांच्यात सूत्र नाही, ठरलेलं प्रमाण नाही आणि पावसा-पुरासारखा क्रमही नाही. दूध संघाच्या मासिक बैठकीतला आलेख घ्या. संकलन लिटरमध्ये, लाखांत. फॅट टक्क्यांत, गाईचं साडेतीनच्या आसपास. पुष्टकाळात संकलन वाढतं, फॅट थोडं हलतं, आणि दुहेरी अक्षावर ते थोडं हलणं संकलनाच्या उसळीइतकंच मोठं दिसतं. आधी बघावं की गुणाकाराला अर्थ आहे का. इथे आहे. संकलन आणि फॅट यांच्यावरून एकूण किलो फॅट निघतं, आणि पैसे मोजताना तेच लागतं. नसेल तर पायाभूत महिना १०० धरून दोन्ही निर्देशांकांत बदलावेत, जसा सेन्सेक्स १९७८-७९ ला १०० धरून चालतो. मात्र पाया कोणता धरला यावर रेषा कुठे फाकतील हे ठरतं, तेव्हा तो आलेखातच लिहावा. आणि हेही पटत नसेल तर दोन बुटके आलेख एकाखाली एक, एकच आडवा अक्ष धरून. स्प्रेडशीट हे आपणहून करत नाही. दोन आलेख वेगळे काढून, दोन्हींची रुंदी आणि आतल्या चौकटीची डावी कडा हाताने जुळवावी लागते, नाहीतर वरचा जानेवारी खालच्या फेब्रुवारीवर येतो.